गिरणीत आपली माणसं नेमकं काय काम करायची? खात्याखात्यांच्या आठवणी लिहा

परळकरीण

वडील जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्ध आटोपल्यावर आईने माळ्यावरची त्यांची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. आत बदली पास, पीएफच्या पावत्या, गावच्या मंडळाची पावतीपुस्तकं, आणि अगदी तळाशी फडक्यात गुंडाळलेली एक पितळी पट्टी. वीतभर लांब, पातळ, टोकाजवळ एका कडेला खाच. दुसऱ्या टोकाला काळपट चिंधी घट्ट गुंडाळलेली. आईला माहीत नाही ती कशाची, भावालाही नाही.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याने विचारलं, "आजोबा काय काम करायचे?" मी म्हटलं, मुंबईच्या कापडगिरणीत होते. "हो, पण काय करायचे?" यापुढे मला सांगता येईना.

संपाचं सगळं सांगता आलं. १८ जानेवारी १९८२ ही तारीख आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, संप रीतसर मागे घेतल्याचं कधी कुणी जाहीर केलं नाही, मग गिरण्यांच्या जमिनी, मग टॉवर, मग घरांच्या सोडतीचे अर्ज. हे सगळं मी झोपेतही सांगेन. पण त्याआधी १९६१ पासून एकवीस वर्षं माझा बाप रोज आठ तास हातांनी काय करत होता, ते मला माहीत नाही. साळखात्यात होते, म्हणजे विणकामात, एवढंच ठाऊक.

म्हणून विनंती. आपल्या घरातलं गिरणीतलं माणूस कोणत्या खात्यात होतं, कोणत्या यंत्रावर, हाताला काय काम, अंगाला काय लागायचं, ते लिहा. माणसाचं नाव नसलं तरी चालेल, कामाचं नाव हवं. आणि ती पट्टी कशाची, हे कुणी ओळखलं तर फार बरं होईल.

वहीफणी

ताई, मी इचलकरंजीचा. माझं टोपणनाव बघितलंत तर उत्तर तिथंच आहे. तुमच्याकडची पट्टी म्हणजे फणीत तार ओढायचा हूक. आमच्याकडं आजही हेच काम करणाऱ्यांना वहीफणी कामगार म्हणतात. माझे वडील हेच करायचे, मी पण आठ वर्षं केलं.

सविस्तर सांगतो, मुलाला वाचून दाखवा. कापडाचे उभे धागे, आम्ही त्यांना तारा म्हणतो, आधी एका मोठ्या लोखंडी रुळावर गुंडाळलेले असतात, तो बीम. साध्या धोतराच्या-चादरीच्या कापडाला एका बीमवर दोन हजारांपासून तीन हजारांपर्यंत तारा. समजा सव्वीसशे. यातली प्रत्येक तार आधी वहीच्या डोळ्यातून काढायची. वही म्हणजे धागे वर-खाली उचलणारी चौकट, तिच्यात तारेचे नाहीतर दोऱ्याचे बारीक डोळे असतात. मग तीच तार फणीच्या दोन दातांमधल्या फटीतून काढायची. ही फणी लोखंडी, दात इतके जवळ की नखसुद्धा जात नाही. पुढच्या बाजूनं हूक फटीत घालायचा, मागं दुसऱ्या हातानं तार धरून खाचेत अडकवायची आणि ओढायची. एक तार झाली. अशा सव्वीसशे. एक चुकली तर कापडात सरळ रेघ पडते, शेवटपर्यंत.

बीम नवा असतो तेव्हा दोन माणसं बसतात. एक मागून तार देतो, एक पुढून ओढतो. पण तुमचे वडील विणकर होते, त्यांना हा हूक वेगळ्या कामाला लागायचा. माग चालू असताना तार तुटते. माग थांबवायचा, तुटलेलं टोक शोधायचं, जोडतार घालून गाठ मारायची, वहीतून काढायची, फणीतून ओढायची, माग चालू. जितका वेळ माग बंद तितकं कापड कमी, आणि विणकराला कापडावर पैसे मिळायचे. म्हणून प्रत्येक विणकर आपला हूक आणि छोटी कातर स्वतःजवळ ठेवायचा. दुसऱ्याला द्यायचा नाही. चिंधी गुंडाळायची कारण घामानं पितळ हातात ठरत नाही.

एक काम करा. खाचेचा जवळून फोटो टाका. कुठल्या अंगानं घासलीय ते बघायचंय.

डिलाईलरोड

वहीफणीदादांनी छान सांगितलं. त्याला पुरवणी. माझे वडीलही साळखात्यात. एका विणकराकडे दोन माग हा मुंबईतला जुना रिवाज. मालकांना दोनाचे तीन करायचे होते आणि १९२८ च्या मोठ्या संपाच्या मुळाशी हीच वाढीव कामाची सक्ती होती. सहा महिने चालला होता तो संप. म्हणजे 'दोन माग' हा आकडा आमच्या आजोबांनी उपाशी राहून राखलेला आहे.

आवाज. शेकडो माग एका छताखाली. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन धावणारा लाकडी तुकडा, मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा इकडून तिकडे आपटतो, प्रत्येक मागावर. आत शब्द ऐकू येत नाही, म्हणून विणकर हातांनी आणि ओठांनी बोलायचे. वडिलांच्या मागांवर मनगटावर टिचकी मारली की 'किती वाजले', दोन बोटं ओठांना लावली की 'विडीला जाऊन येतो, माझ्या मागांकडे बघ'. मुकादम येत असेल तर छातीवरून हात फिरवायचा. वडील आणि त्यांचे शेजारचे सोबती चाळीच्या समोरासमोरच्या गॅलरीतून रात्री एक शब्द न काढता गप्पा मारायचे. आम्हा मुलांना ती जादू वाटायची. पुढे दोघेही ठार बहिरे झाले आणि तरी गप्पा चालू राहिल्या.

आणखी एक. साळखात्याची छपरं करवतीच्या दातांसारखी असायची, काचा उत्तरेकडे. ऊन थेट आत येऊ नये आणि उजेड मात्र दिवसभर सारखा मिळावा, म्हणजे तुटलेली तार दिसते. आणि हवा मुद्दाम दमट ठेवायचे, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. मुंबईत गिरण्या टिकल्या त्याला ही समुद्राची हवाही एक कारण. सुतासाठी जी हवा चांगली ती माणसासाठी कशी, हे मे महिन्यात आठ तास आत उभं राहिलेल्यालाच माहीत.

काळाचौकी

आमचे बाबा कार्डिंगला. त्याला लोक पिंजणखातं म्हणायचे. कापसाच्या गाठी आधी ब्लोरूममध्ये फुटायच्या, झोडपल्या जायच्या, तिथून जाड गादीसारखी गुंडाळी होऊन कार्डावर यायची. कार्ड म्हणजे बारीक तारांच्या काट्यांनी मढवलेला मोठा पिंप. त्याच्यावरून कापूस विंचरला जातो, तंतू सरळ होतात आणि पलीकडून जाळीसारखा पातळ पदर निघतो. बाबा म्हणायचे, कोळ्याने विणावा तसा पदर.

त्या काट्यांत कचरा अडकतो. तो काढायला यंत्र थांबवून दुसऱ्या ब्रशाने काटे साफ करायचे, त्याला स्ट्रिपिंग म्हणत. सगळ्यात जास्त धूळ तिथे. बाबांच्या भुवया, पापण्या, कानातले केस पांढरे होऊन यायचे. आई त्यांना उंबऱ्याबाहेर उभं करून आधी फडक्याने झटकायची, मग घरात घ्यायची. मी लहान असताना मला वाटायचं, बाबा रोज कामावर जाऊन म्हातारे होतात आणि आंघोळ करून परत तरुण होतात.

सोमवारी मात्र ते वेगळेच असायचे. रविवारी सुट्टी, छाती मोकळी. सोमवारी संध्याकाळी छाती आवळल्यासारखी, श्वास पुरत नाही. मंगळवारी थोडं कमी, शनिवारी जवळजवळ नाही. दवाखान्यात वर्षानुवर्षं दम्याची औषधं दिली. कुणी कधी 'कोणत्या खात्यात काम करता' असं विचारलं नाही. बाबा गेल्यावर पुष्कळ वर्षांनी मी बिसिनोसिसबद्दल वाचलं. कापसाच्या धुळीचा आजार. सोमवारी वाढतो हीच त्याची खूण, आणि कामगार विम्याच्या कायद्यात तो भरपाई मिळणाऱ्या आजारांच्या यादीत आहे. आमच्या बाबांची भरपाई राहूनच गेली, पण इथे कुणाच्या घरी ब्लोरूम-कार्डिंगचं माणूस अजून हयात असेल आणि खोकत असेल, तर डॉक्टरला खातं सांगा. आपणहून सांगा.

परळकरीण

काळाचौकी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "पिंजणवाले ट्राममध्ये शेजारी बसले की ओळखू यायचे."

वहीफणीदादा, फोटो टाकला आहे. मुलाने तुमचं सगळं दोनदा वाचलं.

नायकिणीची नात

गिरणी म्हटलं की पुरुषच डोळ्यांसमोर येतात, म्हणून मुद्दाम लिहिते. माझी पणजी रीलिंगला होती, म्हणजे सुताच्या लडी करायला, आणि आजी वाइंडिंगला. आजी शेवटची काही वर्षं नायकीण होती, म्हणजे बायकांवरची मुकादम.

वाइंडिंगमध्ये छोट्या बॉबिनवरचं सूत मोठ्या कोनावर चढवायचं. एक बॉबिन संपली की तिचं टोक पुढचीच्या टोकाला गाठ मारून जोडायचं. गाठ इतकी लहान हवी की पुढे फणीतून सहज गेली पाहिजे. (म्हणजे परळकरीणताई, तुमच्या वडिलांच्या फणीत अडकलेल्या कितीतरी गाठी माझ्या आजीसारख्या बायकांच्या असतील.) आजी एका हाताने गाठ मारायची. दुसऱ्या हातात पुढची बॉबिन. म्हातारपणी डोळे गेले, तरी फुलांचा गजरा तुटला की आजीकडे द्यायचा, आणि गाठ कुठे आहे ते शोधून सापडायचं नाही.

पणजीच्या काळात, म्हणजे १९२० च्या सुमारास, मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई असायची. तान्ह्या मुलांना सांभाळायला घरी कुणी नाही, म्हणून बायका त्यांना अफूची बाळगोळी चाटवून निजवायच्या आणि कामाला जायच्या. पणजीनेही दिली होती. तिची दोन मुलं लहानपणी गेली आणि त्यातल्या एकाबद्दल ती मरेपर्यंत स्वतःला दोष देत राहिली. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. चांगला कायदा, पण तो लागू झाल्यावर गिरण्यांनी बायकाच कमी घ्यायला सुरुवात केली. नवी यंत्रं आली तसं रीलिंगही गेलं. आजीच्या निवृत्तीपर्यंत तिच्या खात्यात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या बायका उरल्या होत्या. संपाच्या कितीतरी आधी बायकांची गिरणी बंद झाली होती, ही माझ्या आजीची तक्रार. ती मी इथे नोंदवते.

नायगाव बीडीडी

सगळे प्रतिसाद वाचले. चांगले आहेत. एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही ती मी लिहितो.

माझे आजोबा रिंगखात्यात होते, सूत काततात तिथे. एकतीस वर्षं. उभ्या साच्याच्या दोन बाजूंमधून दिवसभर चालायचं, तुटलेला धागा बोटाने उचलून रुळाच्या तोंडाशी लावायचा. तिथे गाठ नसते, पीळच त्याला जोडून घेतो. आजोबा सांगायचे, दिवसाला गावाकडच्या वाटेएवढं चालणं होतं.

विणकराचा पगार रिंगपेक्षा जास्त होता. आजोबांना विणकाम शिकायचं होतं. त्यांना साळखात्यात जाऊ दिलं नाही. कारण असं की धोट्यात नवी कांडी, म्हणजे आडव्या सुताची गुंडाळी, भरली की सुताचं टोक धोट्याच्या डोळ्यातून बाहेर काढायला विणकर तिथे तोंड लावून श्वासाने ओढायचा. तोच धोटा पुढच्या पाळीचा विणकर तोंडाला लावणार. मग महाराने तोंड लावलेला धोटा बाकीचे कसा लावतील? म्हणून आमच्या माणसांना साळखातं बंद. हे मालकाने लावलेलं नव्हतं. सोबतचेच कामगार लावून धरायचे. डॉ. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता.

आजोबा लाल बावट्याच्या सभांना जायचे, पोवाडे ऐकून रडायचे, प्रत्येक संपात बाहेर पडायचे. आणि तरी साळखात्याच्या दारावरून जाताना आत बघायचे नाहीत. माझे काका १९६० नंतर विणकर झाले, तोवर धोटा तोंडाने ओढायची रीतही बरीच मागे पडली होती. काकांचा पहिला पगार आजोबांनी मोजला नाही, नुसता हातात धरला.

गिरणगाव सगळ्यांचं होतं हे खरं. पण खातं सगळ्यांना खुलं नव्हतं, हेही कामाच्या आठवणींतच धरा.

परळकरीण

नायगाव बीडीडी, माझ्या वडिलांचं खातं तुमच्या आजोबांना बंद होतं, हे मला आज पहिल्यांदा कळलं. वडिलांनी कधी सांगितलं नाही. त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून आभार. मुलाला तुमचा प्रतिसादही वाचायला दिला आहे.

चंदगडी

आमचं माणूस कोणत्याच खात्यातलं नव्हतं, कारण ते शेवटपर्यंत बदलीच राहिलं. बदली म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल त्याच्या जागी एका दिवसापुरतं काम. १९३५ पासून मुंबईत याची कार्डं निघाली. रोज तिन्ही पाळ्यांना गेटावर उभं राहायचं. सकाळी सातला, दुपारी साडेतीनला, रात्री बाराला. जॉबरनं, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमानं, नाव पुकारलं तर आत. आज कार्डिंग, उद्या रिंग, परवा नुसती झाडलोट. वडिलांनी चौदा वर्षं असं केलं. त्यामुळं त्यांना सगळ्या खात्यांचं थोडंथोडं येत होतं आणि कुठलंच खातं 'माझं' म्हणायला मिळालं नाही. ब्याऐंशीच्या संपात बदल्यांना कायम करा ही मागणी होती, ती आमच्यासाठी सगळ्यात मोठी.

राहायला गावच्या मंडळाचा गाळा. एका खोलीत चाळीसेक माणसांच्या ट्रंका, भिंतीला ओळीनं. पाळीवरनं एक येणार तेव्हा दुसरा उठून जाणार, वळकटीची जागा तीच. वडील सांगायचे, "माझ्या अंथरुणाला कधी गारवा लागला नाही, कायम कुणाचीतरी ऊब असायची."

लालबाग

संपाचा विषय निघालाच आहे तर बोलू या. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंतांनी कामगारांना...

डिलाईलरोड

लालबाग, माझ्या घरातच दोन काका आहेत. एकाने डॉक्टरांचा फोटो देवघराशेजारी लावलाय, दुसरा त्यांचं नाव निघालं की ताटावरून उठतो. दोघेही एकाच गिरणीतले. त्यावर स्वतंत्र धागा काढा, मीही येईन. इथे काम चालू राहू दे.

परळकरीण

डिलाईलरोडशी सहमत. लालबाग, राग मानू नका. तुमच्या घरातलं माणूस कोणत्या खात्यात होतं?

लालबाग

राग नाही. वडील सायझिंगला होते. बीमवरच्या सुताला खळ लावतात तिथे, म्हणजे मागावर घासून तुटू नये म्हणून. पिठाची कांजी मोठ्या पिंपात शिजायची, तिच्यातून सूत जायचं आणि तापलेल्या पिंपांवरून वाळत पुढे. उकाडा इतका की माणसं लंगोटावर असायची. खळ पातळ झाली तर तारा तुटून साळखात्यातून शिव्या, जाड झाली तर सूत कडक होऊन परत शिव्या. वडील चिमटीत खळ घेऊन बोटं उघडबंद करून सांगायचे, झाली की नाही. घरी आई खीर करायची तेव्हा तीच खूण. आईला राग यायचा, पण खीर बरोबर व्हायची.

खाणावळ

माझी आई कोणत्याच खात्यात नव्हती आणि तिच्यावाचून कोणतंही खातं चाललं नसतं. एकट्याने राहणाऱ्या पुरुषांना ती जेवण घालायची. दहा बाय बाराच्या खोलीत बावीस जणांचं, तीन पाळ्यांचं. पहाटे चारला पहिली चूल. घाटावरच्यांना भाकरी-आमटी, कोकणातल्यांना भात आणि मासळी, रातपाळीवाल्याला दुपारी बाराला 'सकाळचं' जेवण. कुणाला मूळव्याध, कुणाला तिखट चालत नाही, सगळं डोक्यात. हिशेब भिंतीवर कोळशाने, कारण आईला आकडे येत होते आणि अक्षरं येत नव्हती. पैसे पगाराला, म्हणजे महिनाभर वाण्याची उधारी आईच्या नावावर आणि व्याज सावकाराचं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. आईने आयुष्यातली पहिली सही तेव्हा शिकली.

संप लागल्यावर पहिले सहा महिने ती उधारीवर जेवण घालत राहिली. मग मंगळसूत्र गेलं. बावीसातले सतरा गावाला गेले, त्यातले तीन परत येऊन पैसे देऊन गेले. बाकीच्यांचे आकडे भिंतीवर होते. चाळ पाडायला घेतली तोपर्यंत आईने त्या भिंतीला चुना लावू दिला नाही. वसुलीसाठी नव्हे हो. म्हणायची, "कोण कोण जेवून गेलं ते राहू दे."

टाइम ऑफिस

(आजोबा सांगत आहेत, मी टाइप करते आहे. वय ८४.)

मी हजेरीखात्यात कारकून होतो. गेटावर पितळी बिल्ल्यांचा फळा असे, प्रत्येक बिल्ल्यावर तिकीट नंबर. माणूस आत जाताना आपला बिल्ला उचलून पेटीत टाकणार, मी पेटीवरून हजेरी मांडणार. मला माणसं नंबराने पाठ होती. आजही कुणी जुना भेटला तर नाव सुचत नाही, नंबर सुचतो.

संपाच्या आदल्या रात्री मी होतो. माग थांबले तेव्हा कापड अर्धं विणलेलं होतं. कुणी कापून ठेवलं नाही, चार दिवसांनी येऊच असं धरून गेले. काही विणकर आपला हूक आणि कातर मागाच्या चौकटीवरच ठेवून गेले. पुष्कळ महिन्यांनी आत गेलो तेव्हा तारांवर धुळीचा थर होता आणि धोटे जिथे थांबले तिथेच. परळकरीणबाई, तुमचे वडील हूक घरी घेऊन गेले, म्हणजे त्यांना अंदाज आला होता.

कुणीतरी लिहा की मुंबईत सूत निघणं ब्याऐंशीला थांबलं असं नाही. टाटा, पोदार, इंडिया युनायटेड नंबर पाच या सरकारी महामंडळाच्या गिरण्या मार्च २०२० च्या टाळेबंदीपर्यंत चालू होत्या.

वहीफणी

ताई, फोटो आत्ता नीट बघितला, मोठा करून. आमच्या वडिलांना पण दाखवला. दोघांचं एकच मत. खाच उलट्या अंगानं घासलीय. तुमचे वडील डावरे होते.

परळकरीण

दादा, वडील डावरे नव्हते. जेवायचे उजव्या हाताने, लिहायचे उजव्या हाताने. तसं लिहायलाच बसले होते मी तुम्हाला. तेवढ्यात आईने ऐकलं.

ती म्हणाली, "डावरेच होते. शाळेत मास्तरांनी डावा हात पाटीला बांधून ठेवला होता, म्हणून उजव्याने लिहायला शिकले. गिरणीत कोण बांधणार?"

बावन्न वर्षं मला हे माहीत नव्हतं.

काल मुलाने आजीचा रुंद दातांचा कंगवा उभा धरला, शिवणाचा दोरा मी मागून दिला आणि त्याने पट्टी दातांतून घालून ओढून बघितली. डाव्या हाताने, मुद्दाम. तीनदा सुटला. चौथ्यांदा आला. मग त्याने विचारलं, "अशा किती?"

मी म्हटलं, सव्वीसशे.

तो दुसरी तार ओढायला लागला.